तीन नंबरची पट्टी

फोटोत फरशी होती, फरशीवर माझं पेंड्युलमचं यंत्र होतं आणि यंत्राच्या पायाशी पिवळ्या चिकटपट्टीचा तुकडा होता. पट्टीवर मार्करने, माझ्याच अक्षरात, ३ लिहिलेलं. वॉटरफोर्डच्या कॅथरीन स्ट्रीटवरच्या कोर्टात हायकोर्टाचं सत्र भरलं होतं आणि मी साक्षीला बसलो होतो. प्रतिवादीच्या बॅरिस्टर बाईंनी अहवालाचं ते पान माझ्यापुढे धरलं आणि डाळीचा भाव विचारावा इतक्या सहज विचारलं, "हा ३ असेल, तर १ आणि २ कुठे आहेत?"

उत्तर माझ्या बॅगेतल्या वहीत होतं. आणखी एका ठिकाणी होतं. त्याच अहवालाच्या आधीच्या प्रतीत, जी न्यायाधीशांसमोर नव्हती.

ही २०१८ सालची गोष्ट. एवढी वर्षं मी ती घरात सोडून कुठे बोललो नाही.

मी सांगलीच्या वालचंद कॉलेजचा स्थापत्य अभियंता. पुण्यात काही वर्षं काढली आणि २००५ मध्ये आयर्लंडला आलो. तेव्हा इथे जिकडे बघावं तिकडे क्रेन होत्या. मग बांधकामाचा फुगा फुटला. २००९ च्या जानेवारीत किलबॅरीतला वॉटरफोर्ड क्रिस्टलचा कारखाना बंद झाला, कामगार तिथेच ठाण मांडून बसले, आणि त्याच हिवाळ्यात आमच्या ऑफिसनेही मला घरी बसवलं. गावात नवं काही बांधलं जात नव्हतं, पण लोक घसरून पडायचे थांबले नव्हते. एका वयस्क सहकाऱ्याने सुचवलं की पडझडीच्या दाव्यांत इंजिनियरचा अहवाल लागतो, ते काम बघ. मी एक जुनं पेंड्युलम विकत घेतलं आणि 'तज्ज्ञ साक्षीदार' झालो.

या यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्या काट्यावर फिरतं. एका उभ्या दांड्याला झुलता हात असतो, हाताच्या टोकाला रबराचा तुकडा. हा रबर म्हणजे माणसाच्या बुटाची टाच समजायची. फरशीवर पाणी फवारायचं, हात सोडायचा. रबर जेमतेम १२६ मिलिमीटर फरशीला घासत जातो आणि पलीकडे किती वर चढतो ते काटा दाखवतो. फरशीने पकड धरली तर हात कमी चढतो, आकडा मोठा येतो. एका जागी आठ झोके द्यायचे, पहिले तीन सोडून द्यायचे, उरलेल्या पाचांची सरासरी काढायची. ३६ किंवा जास्त आलं तर घसरण्याचा धोका कमी. २५ ते ३५ मध्यम. २४ आणि खाली म्हणजे जास्त. काम कंटाळवाणं आहे, गुडघे दुखतात, आणि भोवती गिऱ्हाइकं उभी राहून 'हे काय चाललंय' विचारतात.

दावा होता साठीच्या एका बाईंचा. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करून निवृत्त झालेल्या. शहरातल्या एका सुपरमार्केटात, दुधाच्या फ्रीजपुढे पाय घसरून पडल्या आणि खुबा मोडला. रक्कम ६० हजार युरोंच्या वर जाणार होती, म्हणून प्रकरण सर्किट कोर्टाऐवजी हायकोर्टात गेलं. मला त्यांच्या सॉलिसिटरने नेमलं. मी दुकानात तीन जागा निवडल्या, पट्ट्या लावल्या, मोजलं. दाराशी ४१. मधल्या गल्लीत ३८. फ्रीजपुढे २३.

त्यानंतर महिन्याभरात दुकानाने ती फरशी उखडून नवी घातली. समोरच्या बाजूचा इंजिनियर आला तेव्हा त्याला मोजायला काही उरलं नव्हतं. त्या फरशीबद्दल जगात शिल्लक राहिलेले आकडे माझ्या वहीतले तीनच.

पहिल्या अहवालात मी तिन्ही आकडे दिले होते. दोन दिवसांनी सॉलिसिटरचा फोन आला. आयर्लंडमध्ये थेट कुणी काही सांगत नाही, हे इथे राहणाऱ्याला लवकर कळतं. आधी हवा, मग मुलीची शाळा, मग हर्लिंगची मॅच. शेवटी म्हणाले, "अहवाल उत्तम झालाय. फक्त ते दाराजवळचं आणि गल्लीतलं... बाई तिथे पडल्याच नाहीत ना. वाचणाऱ्याचा उगाच गोंधळ व्हायला नको, असं आपलं मनात आलं. अर्थात तज्ज्ञ तुम्ही, तुम्हीच ठरवा."

मी ठरवलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. म्हणणं तर बरोबरच होतं, पडल्या फ्रीजपुढे, मग दाराचं काय घेऊन बसायचं? मी परिच्छेद काढला. 'जागा क्र. ३' खोडून 'अपघाताची जागा' केलं. हात लागलाच होता तर एक वाक्यही सुधारलं. आधी लिहिलं होतं, 'फरशी ओली होती असं वादीचं म्हणणं आहे.' आता झालं, 'फरशी ओली होती.' मी त्या दिवशी दुकानात नव्हतो. फरशी ओली होती की कोरडी, हे कोर्टाने साक्षीपुराव्यावरून ठरवायचं. मी फक्त ओली असेल तर काय होईल ते सांगायचं. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी चार शब्द गाळले.

फोटोतली पट्टी तेवढी तशीच राहिली.

लोकांना वाटतं, असा साक्षीदार विकलेला असतो. विकला गेलो असतो तर सांगायला सोपं गेलं असतं. मला कुणी पाकीट दिलं नाही, खोटं लिही म्हणालं नाही. पैशाचा भाग होता, तो लपवत नाही. इथे वादीच्या वकिलांचं बरंचसं काम 'नो फोल, नो फी' या बोलीवर चालतं, म्हणजे घोडीला शिंगरू झालं तर पैसे, नाहीतर राम राम. तज्ज्ञाची फी निकालावर अवलंबून नसावी, पण बिल मात्र दावा मिटल्यावर चुकतं होतं. त्या फर्मकडे माझी चौदा बिलं अडकली होती आणि वर्षातलं निम्म्याहून अधिक काम तिथूनच येत होतं. 'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' हे कुणाला शिकवावं लागत नाही.

पण त्या पाच मिनिटांत माझ्या डोक्यात बिलं नव्हती, हे शपथेवर सांगू शकतो. डोक्यात होता तो माणूस. मी बेकार असताना पहिलं काम देणारा. आमच्या घरच्या गणपतीला येऊन, बूट दाराबाहेर काढून, चार मोदक खाऊन गेलेला आणि बायकोकडून उकडीची कृती लिहून घेणारा. त्याला 'नाही' कसं म्हणायचं? आमच्यावर लहानपणापासून खाल्ल्या मिठाला जागण्याचे संस्कार. इथे कुणी कुणाचं मीठ खाल्लं होतं याचा हिशेब जरा गुंतागुंतीचा होता, पण जागलो मीच.

माझे एक काका मिरजेला होते. बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. एकदा शेजारच्या गल्लीत स्कूटरचा अपघात झाला आणि हवालदार लिहून तयार असलेला पंचनामा घेऊन दुकानात आले. "काका, तेवढी एक सही." काकांनी केली. रोज समोरून जाणारा माणूस, नाही कसं म्हणणार? दोन वर्षांनी समन्स आलं. उलटतपासणीत वकिलाने विचारलं, स्कूटर कुठल्या रंगाची होती? काका म्हणाले, निळी. पंचनाम्यात हिरवी होती. नंतर कित्येक दिवाळ्या आम्ही भावंडं त्यांना 'काका, निळी का हिरवी?' म्हणून छळायचो. ते कसनुसं हसायचे. आजी एकदाच म्हणाली होती, "भीड भिकेची बहीण रे बाबा." तेव्हा ते काकांना उद्देशून होतं.

आता कायद्याचं. मला नियम माहीत नव्हता असंही नाही. आयर्लंडमध्ये २०१६ साली वरिष्ठ न्यायालयांच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि आदेश ३९ मध्ये नियम ५७ आला. आपल्या विषयापुरतं कोर्टाला साहाय्य करणं हे तज्ज्ञाचं कर्तव्य. फी देणाऱ्या पक्षाशी असलेल्या कुठल्याही बांधिलकीपेक्षा ते वरचढ. हे कर्तव्य मान्य असल्याचं विधान प्रत्येक अहवालात लिहावं लागतं, त्या पक्षाच्या धंद्यात काही आर्थिक हितसंबंध असतील तर तेही उघड करावे लागतात. माझ्या प्रत्येक अहवालात ते विधान होतं. नमुन्याच्या फाइलमध्येच टंकून ठेवलेलं, जसं पूर्वी पत्राच्या माथ्यावर ॥ श्री ॥ घालायचे. श्री घालून पुढे काय वाटेल ते लिहायला कुणाची ना नसते.

तर, १ आणि २ कुठे आहेत.

मी म्हणालो, आणखी दोन ठिकाणी मोजलं होतं. आकडे? सांगितले. मग अहवालात का नाहीत? मी सॉलिसिटरकडे बघितलं नाही, एवढंच त्या सकाळी मला जमलेलं धैर्य. "पहिल्या अहवालात होते," म्हणालो.

इथे अशा दाव्यांत ज्युरी नसते, १९८८ पासून बंद झाली. ऐकणारे एकटे न्यायाधीश. त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "पहिला अहवाल?" दोन्हीकडचे वकील एकदम उभे राहिले. पेन विरुद्ध शॉव्हलिन या वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यात सुप्रीम कोर्टाने २००६ सालीच सांगून ठेवलंय की तज्ज्ञाच्या आधीच्या अहवालात त्याच्या साक्षीचा गाभा असेल, तर 'तो प्राथमिक होता' म्हणून तो मागे ठेवता येत नाही, समोरच्याला द्यावाच लागतो. त्या दिवशी हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. प्रतिवादीच्या बाजूने २००४ च्या कायद्यातल्या कलम २६ चाही उल्लेख झाला. दावेदाराने जाणूनबुजून दिशाभूल करणारा पुरावा दिला तर अख्खा दावाच निकालात काढता येतो, असं ते कलम. बाईंना बिचाऱ्यांना पट्टी ठाऊक नव्हती, परिच्छेद ठाऊक नव्हता. मागच्या बाकावर काठी गुडघ्यांत धरून त्या बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघून धीर देणारं हसल्या. त्यांना वाटलं, मी घाबरलोय.

न्यायाधीश मला रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "पान अकरावर तुम्ही कोर्टाप्रती असलेल्या कर्तव्याबद्दल लिहिलंय. ते पहिल्या अहवालातही होतं का?" हो म्हणालो. "आणि दुसऱ्यात बदललं नाही." हा प्रश्न नव्हता, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही. मग जेवणाची सुट्टी झाली.

त्या तासाभरात दावा मिटला. इथल्या कोर्टाच्या व्हरांड्यात हे रोजचंच. काळ्या झग्यातली माणसं दोन घोळक्यांत उभी राहतात, मधून एक जण ये-जा करतो, प्रत्येक खेपेला आकडा थोडा हलतो. किती रकमेवर मिटलं ते मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. सकाळी बोलत होते त्यापेक्षा बरंच कमी, एवढं चेहऱ्यांवरून कळलं.

मी पायऱ्यांवर उभा असताना समोरच्या बाजूचा इंजिनियर आला. सत्तरीचा माणूस, पाऊस नसतानाही रेनकोट. मला वाटलं, टोमणा मारणार. त्याने सिगारेट पेटवली आणि म्हणाला, "तुझे पहिले दोन आकडे तुझा सगळ्यात चांगला पुरावा होता. एकच फरशी, एकाच वेळी घातलेली. दाराशी ४१ आणि फ्रीजपुढे २३. म्हणजे फरशीत खोट नाही, फ्रीजपुढे रोज काहीतरी होतंय. गळती, साबण, काहीतरी. मी तेच बघून घाबरलो असतो. नुसतं २३ दिलंस, तर मी म्हणणार होतो की यंत्र नीट लावलं नसेल."

खोटेपणा पचवता येतो एक वेळ; मूर्खपणा फार खोल लागतो.

त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर मी सगळे जुने अहवाल काढून बसलो. कुठे आकडे गाळलेत का ते बघायचं होतं. गाळलेले नव्हते. पण दुसरंच सापडलं. एका हॉटेलसाठी, म्हणजे प्रतिवादीसाठी, केलेल्या कामात स्वागतकक्षाच्या फरशीचा आकडा ३४ होता. मी लिहिलं होतं, 'शिफारस केलेल्या मर्यादेच्या अगदी जवळ.' त्यानंतर तीन महिन्यांनी एका वादीच्या कामात आकडा ३३. तिथे लिहिलं होतं, 'शिफारस केलेल्या मर्यादेखाली.' दोन्ही वाक्यं खरी. कुठलंही कोर्ट मला त्यावरून पकडू शकलं नसतं. पण दोन्ही कागद शेजारी ठेवले तर पहिल्या नजरेत कळत होतं, कुठल्या घरी जेवून लिहिलंय. आणि अहवाल पाठवतानाच्या ईमेलांत जागोजागी 'आपली बाजू', 'आपल्या केसमध्ये'. माझी कसली बाजू?

बायकोने दोन्ही कागद वाचले. ती सरळ बोलणारी. "तू खोटारडा नाहीस रे," ती म्हणाली, "तुला नाही म्हणता येत नाही. पाहुण्यांनाही तू चौथी पोळी अशीच वाढतोस." मोदकांचा विषय मात्र तिने काढला नाही, त्याबद्दल मी ऋणी आहे.

मग मी या विषयावरचे निकाल वाचू लागलो, शिक्षा म्हणून वाचावेत तसे. तज्ज्ञांची कर्तव्यं ज्या निकालात पहिल्यांदा नीट मांडली गेली तो १९९३ चा, इंग्लंडमधला. 'इकारियन रीफर' नावाच्या जहाजाचा. १९८५ मध्ये ते पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ रुतलं आणि जळालं. मालकांनी मुद्दाम केलं, असं विमा कंपनीचं म्हणणं. न्यायमूर्ती क्रेसवेल यांनी मालकांच्या बाजूने निकाल दिला. तो पुढे १९९५ मध्ये अपिलात फिरला, मात्र तज्ज्ञांविषयी त्यांनी लिहिलेला भाग टिकला. आपलं मत ज्याने कमकुवत होईल ती गोष्टही तज्ज्ञाने गाळू नये, असं त्यात आहे. माझे दाराशी आलेले ४१ माझं मत कमकुवतही करत नव्हते. मी ते गाळले निव्वळ शिष्टाचार म्हणून.

त्याहून जास्त अंगावर आला तो २०११ चा ब्रिटिश सुप्रीम कोर्टाचा निकाल, जोन्स विरुद्ध केनी. तिथे वादीने नेमलेल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी समोरच्या तज्ज्ञाने लिहिलेल्या संयुक्त निवेदनावर सही केली. फोनवर जे ठरलं ते त्यात नव्हतंच, असं त्या नंतर म्हणाल्या. सही करताना थोडं दडपण आलं होतं. त्या खटल्यातून ब्रिटनमध्ये तज्ज्ञांचं संरक्षणच गेलं. निष्काळजीपणे साक्ष दिली तर ज्याने नेमलं तो तुमच्यावर दावा लावू शकतो. कायद्याची मंडळी त्यातलं संरक्षणाचं तेवढं वाचतात. मी 'थोडं दडपण' पुन्हा पुन्हा वाचत होतो. मिरजेचे काका, त्या बाई आणि मी एकाच बाकावर.

त्या फर्मचं काम थांबलं. भांडण झालं नाही, फोन यायचे बंद झाले इतकंच. चौदाही बिलं चुकती झाली, एकही पैसा कापला नाही. हेच जास्त लागलं.

आणि मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. पुढची दोन वर्षं माझे अहवाल इतके निःपक्षपाती झाले की त्यांतून काही कळेना. 'असंही म्हणता येईल, तसंही नाकारता येणार नाही.' एका जिन्याच्या कामात पायऱ्यांच्या उंचीत १५ मिलिमीटरचा फरक होता, पडण्याचं कारण शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. मी सहा पानं लिहिली आणि मत दिलंच नाही. कुणाच्या बाजूचा दिसेन या भीतीने. नेमणाऱ्या सॉलिसिटरबाईंनी अहवाल परत पाठवला. 'तुम्हाला काय वाटतं ते लिहा, मला काय हवं ते नको,' असं एका ओळीत. तोही भिडेचाच प्रकार होता, फक्त माणूस बदलला होता. आधी सॉलिसिटरची भीड, आता न्यायाधीशांची.

२०२२ मध्ये डफी विरुद्ध मॅगी या अपिलात इथल्या कोर्ट ऑफ अपीलने तज्ज्ञांना पुन्हा खडसावलं. घरात फवारलेल्या फोमच्या इन्सुलेशनमुळे त्रास झाला, असा तो दावा. न्यायमूर्ती कॉलिन्स यांनी तज्ज्ञांच्या कर्तव्यावर वेगळं लिहिलं. मी ते छापून काढलं, पेंड्युलमच्या खोक्यात ठेवलं. आता मसुद्यावर कुणी फोनवर बोलायला लागलं की मी म्हणतो, ईमेल करा. सगळ्या मोजण्या, बिघडलेल्यासुद्धा, तक्त्यात घालतो. काम थोडं कमी आहे. मुलगी म्हणते, बाबांच्या अहवालात आता फरशीच्याही भावना दुखावत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात शनिवारी सकाळी जॉन रॉबर्ट्स स्क्वेअरजवळ मी ब्ला घ्यायला रांगेत होतो. ब्ला म्हणजे इथला पिठाने माखलेला मऊ पाव. युरोपने २०१३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन दिलंय, पण तो खायला दुपारच्या आत जावं लागतं. पुढे त्याच बाई होत्या. काठी तीच. मी मान फिरवणार होतो, त्यांनीच ओळखलं. कशा आहात विचारलं, तर 'ग्रँड' म्हणाल्या, इथे सगळेच म्हणतात तसं.

"त्याच दुकानात जाते मी अजून," त्या म्हणाल्या. "फरशी नवीन छान घातलीय. दुसरं दुकान चढावर आहे, जमत नाही."

मला बोलायचं होतं. गेली कित्येक वर्षं मनात घोळवलेली वाक्यं होती. पण रांग पुढे सरकली, त्यांनी पिशवीत सहा ब्ला भरून घेतले आणि वळून विचारलं, "ते झोकेवालं यंत्र आहे का अजून तुमच्याकडे? आमच्या चर्चच्या पायऱ्या पावसात फार घसरतात. फादरना सांगून सांगून थकले. एकदा बघाल का?"

मी लगेच हो म्हणालो. घरी पोचेपर्यंत बायकोला काय सांगायचं ते सुचत नव्हतं.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर गेलो. पायऱ्या नऊ, दगडी, मधोमध झिजलेल्या. पिवळी पट्टी सातव्या पायरीला संपली. शेवटच्या दोन पायऱ्यांवर खडूने आकडे घातले.